सोबत आलेली व्यक्ती

अंबरनाथ पश्चिम
६ जानेवारी २०२५

राजूदादा,

सप्रेम जयभीम.

हो, कागदावर लिहितेय. फोनवर आपण दोन मिनिटांत भांडतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तू अंगठा पाठवून मोकळा होतोस. कागदाला निदान उत्तर लिहावं लागतं.

तुझ्या कंपनीचं ते सॉफ्टवेअर आमच्या हॉस्पिटलात सुरू होऊन महिना झाला. मला त्याची किळस आली आहे. रागबिग नाही, किळसच. सकाळी उल्हासनगरला उतरले की पोटात ढवळायला लागतं.

मी काय करते हे तुला माहीत आहे, पण तू कधी नीट ऐकलेलं नाहीस, म्हणून परत सांगते. मानसोपचार विभागात नवा पेशंट आला की डॉक्टरांच्या आधी तो माझ्यासमोर बसायचा. छोटी खोली, दोन खुर्च्या, दार लावलेलं. काय होतंय, कधीपासून होतंय, घरी कोण कोण आहे, हे सगळं विचारून मी लिहून द्यायचे. आता त्या खोलीत तुमची मशीनं आणि कागदांचे गठ्ठे आहेत. पेशंट उभा राहतो कॉरिडॉरमध्ये, बिलाची खिडकी आणि पाण्याचा कूलर यांच्या मधे, आणि स्टँडवरच्या टॅबवर बोट दाबतो. मागे रांग. मागचा माणूस पुढच्याचे प्रश्न मजेत वाचतो. परवा एक सिंधी आंटी मागून ओरडली, "अरे भाई, टेन्शन है कि नहीं, जल्दी लिखो ना!" सगळे हसले. तो माणूस चप्पल घालून बाहेर गेला, तो परत आलाच नाही.

आणि ती पिवळी तोंडं! हसऱ्यापासून रडक्यापर्यंत ओळीने. आज कसं वाटतंय, एक निवडा. गेल्या आठवड्यात एक काका आले होते, जीन्स धुण्याच्या कारखान्यात कामाला. तरणाताठा मुलगा गेलाय त्यांचा. त्यांनी सगळ्यात हसरं तोंड दाबलं. मी म्हटलं, काका, हे काय? तर म्हणाले, "मॅडम, परक्या जागी रडकं तोंड कशाला दाखवायचं?" मशीनने लिहिलं, मनःस्थिती उत्तम. शी!

असो. लिहायचं खरं कारण वेगळंच आहे. बबनमामा. गंगूमामी गेल्यापासून मी फोन करते तेव्हा ते झोपलेले असतात. दुपारी केला तरी, संध्याकाळी केला तरी. मनाली वहिनी म्हणत होती, खाली पाठवलेला डबा जसाच्या तसा वर येतो. तू त्यांच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहतोस, तुला हे दिसत असणार. त्यांना मूलबाळ नाही, आई सोडली तर आपण दोघंच आहोत. त्यांना आमच्याकडे हॉस्पिटलात घेऊन ये. मी भाची, त्यामुळे मी त्यांच्याशी बोलून चालणार नाही, पण माझ्याबरोबर काम करणारी नूतन आहे, तिच्यासमोर बसवते. मला मामांच्या जिवाची भीती वाटते. स्पष्टच लिहिते, म्हणजे तुला दुसरा अर्थ काढता येणार नाही.

तुझी,
यशोधरा


खरवई, बदलापूर
१४ जानेवारी २०२५

प्रिय यशो,

जयभीम. पोस्टाची पेटी शोधायला कात्रपपर्यंत पायपीट केली. यावरून ओळख, बहिणीवर किती प्रेम आहे.

तुझं पत्र मनालीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ताईंनी तुमची बिनपाण्याने केली. चालायचंच. पण आता माझंही ऐक, आणि मनावर घेऊ नकोस. तुझा प्रॉब्लेम सॉफ्टवेअर नाही, चहा आहे.

सुरुवातीला आम्ही तुमच्या विभागात बसून सगळं बघत होतो ना? एकेका पेशंटला तासतास लागायचा. आणि त्यातला अर्धा वेळ कशात? कोणीतरी चहा आणायला गेलेलं असायचं! प्रत्येक पेशंटच्या वेळी चहा! आमच्या साहेबांनी, धर्मेश सरांनी, तिथेच कागदावर "चहा"भोवती लाल पेनाने गोल केला. म्हणाले, पहिल्यांदा हे उडवा. आता तोच पेशंट पाच मिनिटांत डॉक्टरांच्या दारात उभा असतो. रांग संपते, लोक वेळेत घरी जातात. तुमचे मॅनेजर प्रज्वल सर तर जाम खूश आहेत. यात कसली आली किळस?

आणि ज्याला टॅब जमत नाही त्याची सोय केलेली आहे. "सोबत आलेली व्यक्ती" हे बटण बघितलंस का? ते माझ्या डोक्यातून निघालं, बरं का. पेशंट म्हातारा असो, अडाणी असो, बोलत नसो, सोबतचा माणूस भराभर उत्तरं देतो. ते एक बटण बघून आणखी दोन हॉस्पिटलं तयार झाली.

मामांचं टेन्शन नको घेऊ. माणूस एकटा पडला की झोपतोच. एवढी वर्षं फॅक्टरीत शिफ्टा केल्या, आता झोपू दे की. तरी तू म्हणतेस तर आणतो. या महिन्यात जरा धावपळ आहे, पण आणतो नक्की.

तुझा,
राजूदादा


अंबरनाथ पश्चिम
२९ जानेवारी २०२५

राजूदादा,

सप्रेम जयभीम.

चहा आम्ही पीत नव्हतो रे बाबा. चहा आणायला सोबतच्या माणसाला पाठवत होतो.

आपल्याकडे असल्या खोलीत एकटं कोण येतं, सांग बघू. सुनेबरोबर सासू, बायकोबरोबर नवरा, बापाबरोबर मुलगा. आणि प्रश्न कोणालाही विचार, उत्तर सोबतचाच देणार. झोप लागते का? "लागते, लागते, घोरते ती." जेवण जातं का? "दाबून जेवतात." पेशंट आपला जमिनीकडे बघत बसलेला. म्हणून मी म्हणायचे, "भाऊ, कोपऱ्यावरून दोन चहा घेऊन या ना, आमचा शिपाई आज सुट्टीवर आहे." आमचा शिपाई कायम सुट्टीवर होता. सोबतचा जिना उतरला, दार लागलं, की समोरचं माणूस पहिल्यांदा माझ्याकडे बघायचं. एक बाई नवरा बसला होता तोवर "डोकं दुखतं" यापलीकडे बोलत नव्हती. तो खाली गेला आणि तिने ब्लाउजची बाही वर केली. पुढचं तुला सांगत नाही.

तेवढ्यासाठी तो चहा होता. तुम्ही हुशार लोकांनी तोच उडवलात आणि ज्याला बाहेर घालवायचा त्याच्याच हातात टॅब दिलात. वर फुशारकी, माझ्या डोक्यातून निघालं! कसलं डोकं आहे ते?

आणखी ऐक. जीव द्यावासा वाटतो का, असा प्रश्न आहे ना तुमच्या त्या यादीत? तिथे "नाही" आधीच दाबलेलं येतं. रिसेप्शनवरच्या जिज्ञासाला मी विचारलं, हे असं का? ती बिचारी म्हणाली, "ताई, 'हो' दाबलं की आणखी पानं उघडतात, रांग थांबते, भिंतीवरच्या स्क्रीनवर आपला वेळ लाल होतो आणि वरून प्रज्वल सरांचा फोन येतो. म्हणून त्यांनीच सांगून 'नाही' करून घेतलंय. ज्याला 'हो' म्हणायचंय त्याने बदलावं." बदलावं म्हणे! ज्याला सकाळी अंथरुणातून उठवत नाही, त्याने वीस जणांच्या देखत तुमचं उत्तर खोडायचं! माणूस तोंड उघडायच्या आधी तुम्ही त्याच्या तोंडात "नाही" कोंबता आणि त्याला सोय म्हणता. मला ओकारी येते, दादा. खोटं नाही, परवा खरंच बाथरूममध्ये जाऊन आले.

मामांचं काय झालं? महिना संपला. मंगळवारी किंवा गुरुवारी आण, नूतन तेव्हा असते. टॅबला हात लावायचा नाही, सरळ वर यायचं. आणि ती त्यांच्याशी बोलेल तेव्हा तू खोलीत थांबायचं नाहीस. आत्ताच सांगून ठेवते.

यशोधरा


खरवई, बदलापूर
१९ फेब्रुवारी २०२५

प्रिय यशो,

जयभीम. झालं एकदाचं! मामांना दाखवून आणलं.

तू मंगळवार-गुरुवार म्हणाली होतीस, पण मला शनिवारी तुमच्याकडेच काम होतं, तर म्हटलं एकाच फेरीत उरकू. तू नव्हतीस ते एका परीने बरंच झालं. तुझ्या कपाळावरच्या आठ्या बघून मामा घाबरले असते.

सांगू का, रांगेत आम्ही उभे राहिलो आणि बघता बघता मोकळेसुद्धा झालो. मामांना म्हटलं, तुम्ही बसा खुर्चीवर, मी भरतो. "सोबत आलेली व्यक्ती", दुसरं कोण? काही प्रश्न मात्र तू म्हणतेस तसे विचित्रच आहेत. जीव द्यावासा वाटतो का म्हणे! आता हे मी बबनमामांना विचारू? ज्या माणसाने मला खांद्यावर बसवून जयंतीची मिरवणूक दाखवली, त्यांना? आजूबाजूला एवढी माणसं. ते "नाही" आधीच होतं, ते तसंच राहू दिलं. मामा शेजारूनच बघत होते. काही बोलले नाहीत, म्हणजे बरोबरच असणार. डॉक्टरांनी स्क्रीन बघितला, म्हणाले सगळं नॉर्मल आहे, वयामुळे झोपेची तक्रार. गोळ्या दिल्या.

प्रज्वल सर स्वतः खाली आले होते. मामांचा टॅबसोबत फोटो काढला. मामा हसले बरं का फोटोत. येताना आम्ही दाल पकवान खाल्लं. मामांनी अर्धं टाकलं, पण अर्धं खाल्लं हे तर धर.

आणखी एक चांगली बातमी. मामांनी विहाराचा माइक, भोंगे, अ‍ॅम्प्लिफायर, सगळं मंडळाच्या लोकांच्या हवाली केलं. आठवतं ना, इतकी वर्षं कोणाला बोट लावू द्यायचे नाहीत? आता कुठली वायर कुठे जोडायची ते पट्ट्या चिकटवून लिहून दिलं. किल्लीही देऊन टाकली. मी म्हटलं, मामा, चौदा एप्रिलला कोण बघणार? तर म्हणाले, "तुम्ही आहात की." शेवटी निवांत व्हायला लागला गं माणूस. तू उगाच काळजी करत होतीस.

तुझा,
राजूदादा


कल्याण
२७ फेब्रुवारी २०२५

राजेंद्र,

तुला फोनवर काही सांगितलं नाही, वहिनीकडूनच कळलं असेल. मला तुझा आवाज ऐकायचा नव्हता. आता लिहिते, कारण हे तुला पूर्ण कळायला हवं.

तुझं पत्र आलं तेव्हा मी कुकर लावत होते. माइकपर्यंत वाचलं, गॅस बंद केला आणि तशीच रिक्षात बसून खरवईला आले. तू ऑफिसात होतास. मामांचं दार नुसतं लोटलेलं होतं. घर आवरलेलं. भांडी घासून पालथी, गादी गुंडाळलेली, मामीच्या साड्या घड्या घालून एका पिशवीत, वर चिठ्ठी, "मनालीसाठी". मामा खुर्चीवर बसले होते, बाहेर जायचे कपडे घालून. मला बघून म्हणाले, "अगं, तू कशी काय?" म्हणजे कोणी यावं अशी त्यांची अपेक्षाच नव्हती.

भाची आहेस, तू विचारायचं नाही, असा नियम आहे. गेला खड्ड्यात. मी त्यांच्या पायाशी बसले आणि विचारलं, "मामा, मरून जावंसं वाटतंय का?" याच शब्दांत. माझी जीभ झडली नाही आणि मामांचा अपमानही झाला नाही. मामा म्हणाले, "हो." पुढे मी जे विचारलं त्या सगळ्याचं उत्तर त्यांनी दिलं, शांतपणे, जसं कोणी पत्ता सांगतं. ते मी इथे लिहिणार नाही. ते त्यांचं आहे. आणखी एक दिवस गेला असता तर उशीर झाला असता, एवढंच तुला कळलं तरी पुरे.

मग मी विचारलं, "शनिवारी हॉस्पिटलात का नाही सांगितलंत?" त्यांनी काय सांगितलं ते ऐक. म्हणाले, "राजूने 'नाही' ठेवलं. म्हटलं, पोराला हेच उत्तर पाहिजे असणार. चार माणसांत त्याला कशाला खाली बघायला लावू?"

तू त्यांची लाज राखलीस, त्यांनी तुझी राखली. आणि या तुमच्या लाजेपायी मामा गेले असते.

त्याच संध्याकाळी त्यांना इथे कल्याणच्या हॉस्पिटलात आणलं. आमच्या हॉस्पिटलात मेले तरी नेणार नव्हते. इथल्या डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, खुर्ची ओढून बसतात. आई आणि मी आळीपाळीने थांबतो.

काल कपडे घ्यायला घरी गेले होते, तशीच हॉस्पिटलात रजेचा अर्ज द्यायला गेले. गेटवर नवा फ्लेक्स लागलाय. मामांचा फोटो, हातात टॅब, बाजूला ते पिवळं हसरं तोंड. "मानसिक आजार? पाच मिनिटांत नोंदणी! आमचे समाधानी रुग्ण." रस्त्याने जाणारे येणारे बघताहेत. ज्या माणसाने गल्लीतल्या मेडिकलवाल्याला कळू नये म्हणून मामीचं औषधसुद्धा लांबच्या दुकानातून आणलं, त्याचं तोंड चौकात टांगलंय. मेल्यांनो, काही वाटत नाही? मी वर जाऊन विचारलं, परवानगी कोणी दिली. त्यांनी स्क्रीन दाखवला. परवानगीवर खूण आहे. सोबत आलेल्या व्यक्तीची.

इतक्यात भेटायला येऊ नकोस. मी दारात आडवी उभी राहीन.

यशोधरा


खरवई, बदलापूर
१६ मार्च २०२५

यशो,

जयभीम. तीनदा लिहून फाडलं. हे पाठवतोय.

फ्लेक्स मी उतरवला. समोरच्या फर्निचरच्या दुकानातून स्टूल मागितलं आणि कटरने टराटरा फाडला. वॉचमनने कॉलर धरून वर नेलं. मला वाटलं प्रज्वल सर पोलिसांना बोलावतील. त्यांनी उलट खुर्ची दिली. म्हणाले, "घरचं मॅटर आहे, मी समजू शकतो. पण घाबरू नका, आपण सगळे सेफ आहोत. पेशंटने 'नाही' म्हटलंय, रेकॉर्ड क्लीन आहे." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. यशो, त्या हाताची मला इतकी घाण वाटली की घरी येऊन शर्ट बादलीत टाकला. मग लक्षात आलं, तो मला आपल्यातलाच समजून बोलत होता, आणि त्याचं काही चुकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात ते आधीच दाबलेलं "नाही" काढून टाकलं. किरकोळ काम आहे, चहा थंड व्हायच्या आत झालं. धर्मेश सरांना दाखवलं. ते म्हणाले, हॉस्पिटलने मागितलेलं नाही, होतं तसं कर. मी केलं तसं. राजीनामा फेकला असं लिहायला बरं वाटलं असतं. फेकलेला नाही. रोज जातो, रोज ते पान उघडतं आणि रोज मळमळतं. तुझं ढवळणं मला आता कळतंय, पण उशिरा.

तू म्हणतेस मी मामांची लाज राखली. तसं नाही गं. मामांनी "हो" म्हटलं असतं तर पुढे काय करायचं, हे मला माहीत नव्हतं. मला ते ऐकायचंच नव्हतं. डबा परत येत होता तो मीच वर घेऊन यायचो. म्हणून ते "नाही" दिसलं तेव्हा मला हायसं वाटलं.

मला भेटायचंय त्यांना. तू दारात उभी राहा, हवं तर मार. पण त्यांना एकदा विचार, रविवारी येऊ का?

राजू


कल्याण
२२ मार्च २०२५

चि. राजेंद्र यास,

बबनमामाचा जयभीम.

यशोने तुझं पत्र वाचून दाखवलं. वाचताना मधेमधे शिव्या येत होत्या, त्या तिच्या पदरच्या होत्या असं मी धरलंय. अक्षर वेडंवाकडं येईल, गोळ्यांनी हात थरथरतो.

फ्लेक्स फाडलास ते झकास केलंस. त्या प्रज्वलचं तोंड मला त्याच दिवशी आवडलं नव्हतं. फोटो काढताना "काका, स्माइल" म्हणाला. चांगल्या घरची माणसं सांगतात तसं करायची सवय, मी हसलो. आता आठवलं की माझीच मला शिसारी येते. फुकटचा हसलो.

इथे जेवणाला चव नाही. डाळीत डाळ शोधावी लागते. शेजारच्या खाटेवर एक मास्तर आहेत, ते रात्रंदिवस शाळेची घंटा झाली का विचारतात. मी सांगतो, झाली. मग ते झोपतात.

डॉक्टरीणबाई रोज सकाळी येतात, बसतात आणि तुझ्या मशीनमधला तोच प्रश्न विचारतात. आधी डोकं फिरायचं माझं. म्हटलं, बाई, रोज काय हे अभद्र? आता सकाळ झाली की मीच त्यांची वाट बघतो. मधे काही दिवस मी नाही म्हणत होतो, आणि ते खरं होतं. काल परत हो म्हटलं. बाई घाबरल्या नाहीत, मला समजावत बसल्या नाहीत, तुमच्या मामीची शपथ वगैरे घातली नाही. म्हणाल्या, "बरं, सांगा." मी सांगितलं. दुपारी जेवलो.

तू रविवारी ये. यशोला मी सांगितलंय, ती आडवी येणार नाही. केळी आणू नकोस, इथे केळ्यांचा ढीग पडलाय. डोळ्यांत पाणी आणून माफी मागणार असशील तरी येऊ नकोस, मला तेवढी ताकद नाही. तू फक्त माझ्यासमोर बसायचं आणि ते मला विचारायचं. तुझ्या तोंडाने, माझ्याकडे बघून. मी खरं सांगेन. त्या दिवशी काय असेल ते मला आज सांगता येत नाही.

हो निघालं तर उठून जाऊ नकोस.

तुझा,
बबनमामा